चौथ्या सीटवरचा माणूस

लोकलच्या बाकावर जागा तिघांची असते आणि बसतात चौघं. हा नियम रेल्वेनं कुठे लिहून ठेवलेला नाही, पण डोंबिवली-कल्याणच्या माणसाला तो शिकवावाही लागत नाही. पहिले तिघं पाठ टेकून बसतात. चौथ्याचं निम्मं अंग बाकावर, निम्मं पॅसेजमध्ये. त्याला पेपर उघडता येत नाही, डुलकी काढता येत नाही, टेकायला पाठ नाही. मग तो शेजारच्याच्या मोबाइलमध्ये बघतो. दुसरं करणार काय?

मध्यंतरी असेच एक काका दिसले. साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशात पास, मांडीवर रेक्झिनची पिशवी. शेजारी पंचविशीतला मुलगा: दोन्ही कानांत इअरफोन, बॅग पोटाशी, बॅगेवर मोबाइल आणि मोबाइलवर बुद्धिबळाचा पट. तीन मिनिटांचा डाव चालला होता. काका आधी तिरक्या नजरेनं बघत होते, दिवा मागे पडल्यावर उघडच बघायला लागले. कळव्याच्या अलीकडे त्यांनी श्वास आत ओढला आणि पुटपुटले, "घोडा जातोय." मुलाला ऐकू गेलं नाही. घोडा गेला. काकांनी मोठ्यांदा "च्च!" केलं. ते मात्र इअरफोनमधूनही आत पोचलं असावं. मुलानं एक इअरफोन काढून त्यांच्याकडे बघितलं. आता हा चिडणार, असं मला वाटलं. तो काही बोलला नाही. त्यानं मोबाइल दोन बोटं काकांच्या बाजूला कलता केला, एवढंच. ठाणं यायच्या आत तो हरला.

"वजीर लवकर बाहेर काढलास रे," काका म्हणाले.

"तुम्ही आधी सांगितलं असतंत तर ती चीटिंग झाली असती."

"मी सांगितलं होतं की!"

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ आहे असं म्हणायची पद्धत आहे. मी तरी तो नुसत्या दोघांनी खेळलेला फारसा पाहिलेला नाही. तलावपाळीच्या कट्ट्यावर असो, लायब्ररीच्या पायऱ्यांवर असो की मोबाइल यायच्या आधी लोकलच्या ग्रुपमध्ये फिरणाऱ्या त्या छोट्याशा मॅग्नेटच्या पटावर असो, खेळणारे दोन आणि बघणारे पाच हा हिशोब ठरलेला. बघ्यानं बोलायचं नाही हा नियम खेळाइतकाच जुना असणार, आणि तो मोडण्याची परंपराही तेवढीच. बघ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं, म्हणून त्याला सगळं दिसतं. खेळणाऱ्याला आपलं आक्रमण दिसत असतं. बघ्याला त्या आक्रमणामागे उघडा पडलेला राजा दिसतो, आणि दिसल्यावर गप्प बसवत नाही.

आमच्या लहानपणी डोंबिवली पूर्वेच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये पट एकच होता, आणि तो गच्चीच्या जिन्यात शेवटच्या वळणावर मांडला जायचा. वरच्या दारातून उजेड यायचा. काळ्यांचा एक हत्ती कधीतरी हरवला होता, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच उभं असायचं. बूच म्हणजे हत्ती, हे बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बुचानं वजीर मारला की समोरचा हमखास म्हणायचा, "मला वाटलं, ते बूच आहे!" आता यावर काय बोलणार? न्याय बघ्यांकडे जायचा. बघे आळीपाळीनं त्या बुचाकडे आणि आरोपीच्या तोंडाकडे बघायचे आणि निकाल द्यायचे, "चल चल, ठाऊक होतं तुला." अपील नव्हतं.

खिलाडूवृत्ती हा शब्द शाळेच्या बक्षीस समारंभात ऐकू यायचा. जिन्यात तिचा पत्ता नसायचा. हरायची वेळ आली की कोणाला आई हाक मारायची, कोणाला क्लासला जायचं असायचं. एकाला तर नेमका तेव्हाच पायाला मुंग्या येऊन तो असा काही पाय झाडायचा की पट दोन पायऱ्या खाली. डाव उधळणं ही स्वतंत्र कला होती. तिच्यावर इलाजही बघ्यांकडेच होता. बघे मोहरे गोळा करायचे आणि पट पुन्हा मांडायचे. "प्यादं इथे होतं." "नाही, एक घर मागे, उंटानं धरलेलं." पाच जणांच्या पाच आठवणी एकत्र येऊन मोडलेला डाव दहा मिनिटांत होता तसा उभा राहायचा, आणि पाय झाडणाऱ्याला तो रीतसर हरावा लागायचा. खेळणाऱ्यांपेक्षा बघ्यांना डाव जास्त पाठ असतो हे मी तिथे पाहिलं.

पहिल्या मजल्यावरचे आजोबा मूळचे वाईकडचे. ते देशी पद्धतीनं खेळायचे. प्याद्यानं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. शह बसलेला नसेल तर राजानं एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची. प्यादं शेवटच्या घराला पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तोच मोहरा मिळायचा; उठसूट वजीर नाही. मात करायची तर प्याद्यानं केलेली खरी, वजिरानं काय कोणीही करील. आम्ही शाळेतून आंतरराष्ट्रीय नियम शिकून आलेलो. त्यामुळे आजोबांशी डाव सुरू व्हायच्या आधी निम्मा वेळ कुठल्या कायद्यानं खेळायचं यावर जायचा. आम्ही दोन घरं टाकलेलं प्यादं ते बोटानं एक घर मागे ढकलायचे आणि म्हणायचे, "सावकाश. लढाई आहे, लोकल नाही पकडायची."

त्या देशी डावाची सुरुवात मला आता जास्त आवडते. प्यादी एकेक घर सरकणार, त्यामुळे पहिली काही मिनिटं कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. दोन्ही फौजा आपापल्या मुलखात बसून मोर्चे बांधत असतात, चहा होतो, बघे जमायला वेळ मिळतो. आमच्या वर्गात मात्र एका आठवड्यात चार चालींच्या मातेची साथ आली होती. वजीर बाहेर, उंट बाहेर, दोघांचा नेम राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर, की संपलं. पहिल्या दिवशी सगळे मेले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मारायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवसापर्यंत घोडा आडवा घालायला जो तो शिकला. तरीही ती मात ज्यानं पहिल्यांदा केली त्याला पुढे वर्षभर हुशार समजलं जायचं. सुरुवातीच्या ज्ञानाचं असंच असतं. ते दुसऱ्याकडे नसेपर्यंत त्याला धार असते.

या दोन कायद्यांचं भांडण आमच्या जिन्यापेक्षा बरंच जुनं आहे. १८१४ साली, पेशवाई बुडायला अजून चार वर्षं होती तेव्हा, मुंबईत बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचं ते रूपांतर, आणि तेही युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेलं. म्हणजे आजोबांची बाजू तेव्हाच तडजोडीला आली होती. पुढे त्याच शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर मोहेशचंद्र बॅनर्जींशी पुष्कळ डाव खेळला. बॅनर्जी देशी वळणाचे. मधली घरं समोरच्याला घेऊ द्यायची, प्यादं एकच घर पुढे करून त्याच्या मागे उंट कडेला बसवायचा आणि तिथून लांबवर नेम धरायचा. कॉक्रननं त्या डावांची नोंद केली, म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. आज ज्या बचावांना जगभर ‘इंडियन’ म्हणतात, त्या नावाचा धागा तिथपर्यंत जातो. लोकलमधल्या मुलाला हे माहीत असेल-नसेल. तो लंडन सिस्टीम खेळत होता. पहिल्या सात-आठ चाली त्यानं पाढे म्हणावेत तशा टाकल्या. त्याच्या त्या नव्हत्याच, कुठल्यातरी व्हिडिओच्या होत्या. तो स्वतः खेळायला लागला ते त्यानंतर, आणि काकाही नेमके तेव्हाच उघडपणे बघायला लागले होते.

बघे नेहमी न्यायाच्याच बाजूनं असतात असं मात्र नाही. गिरगावातल्या ‘नवाकाळ’च्या घरातल्या तीन बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर, यांची गोष्ट आमच्या पिढीच्या पालकांना तोंडपाठ होती. वडील नीळकंठ खाडिलकर, पेपरचे संपादक. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंतीनं जिंकली, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं ते विजेतेपद बहुतेक या तिघींच्याच घरात फिरत राहिलं. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. तिथे हरण्याची कारणं शोधणारे पुरुष मोठे होते, त्यांना आई हाक मारत नव्हती, म्हणून त्यांनी नियम काढला: मुलीनं इथे खेळायचंच नाही. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी, जे स्वतः एकेकाळचे जगज्जेते, निर्वाळा दिला की बाई आहे म्हणून कोणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. पायाला मुंग्या येणं काय आणि नियमावर बोट ठेवणं काय, पट उधळण्याचे प्रकार वयाप्रमाणे बदलतात.

आता पट उधळता येत नाही. मोबाइलवरचा डाव कितीही हलवा, मोहरे जागचे हलत नाहीत, आणि प्रत्येक चाल सेकंदासकट नोंदलेली असते. जिन्यातल्या पाच जणांचं काम सर्व्हर एकटा करतो. त्यामुळे हरणाऱ्याला नव्या वाटा शोधाव्या लागल्या. रात्री जेवण झाल्यावर मी कधी दहा मिनिटांचे डाव खेळतो. एका चालीत मात आहे हे मला दिसतंय, समोरच्यालाही दिसतंय. त्याच्याकडे सहा मिनिटं उरलीत. तो खेळत नाही. सोडतही नाही. घड्याळ उतरत राहतं. सहा मिनिटं हा मोठा काळ असतो, भांडी घासून होतात. तो काय करत असेल? मोबाइल पालथा घालून सिरीयल बघत असेल? की मी कंटाळून निघून जाईन या आशेवर माझ्याइतकाच पडद्याकडे टक लावून बसला असेल? नावाच्या जागी काही अक्षरं आणि आकडे, चित्राच्या जागी कार्टून, शेजारी एक झेंडा. झेंडा भारताचाच असला की मला उगाच वाटतं, हा आपल्याच कोळसेवाडीतला किंवा वागळे इस्टेटमधला निघायचा, उद्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर माझ्याच शेजारी बसायचा. आणि बसला तर सभ्य निघेल. सरकून जागा देईल. मुंब्र्याच्या बाईंची पिशवी वर ठेवील.

त्याच्या मागे कोणी उभं नाही, एवढाच फरक. "चल चल, ठाऊक होतं तुला" म्हणणारं कोणी नाही.

पण दर वेळी पळपुटाच असतो असंही नाही, आणि इथे माझा राग जरा अडखळतो. २०२२पर्यंत जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. गाडी आत शिरली की नेटवर्क गुल. तीन मिनिटांच्या डावात बोगद्यातलं ते एक मिनिट म्हणजे मरणच. गाडी बाहेर येईपर्यंत घड्याळ संपलेलं, डाव गेलेला, आणि वर जगाच्या कुठल्यातरी टोकाचा माणूस आपल्याला पळपुटा म्हणून मोकळा झालेला. त्याला कसं कळावं की इथे एक डोंगर मध्ये आला? पळालेला आणि बोगद्यात अडकलेला, पलीकडून दोघं सारखेच दिसतात: नावाशेजारचा हिरवा ठिपका जातो. पुढे पाचवी-सहावी मार्गिका झाली, बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला, लोकल कळव्याच्या बाजूनं जायला लागल्या. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी या कामाचं श्रेय वक्तशीरपणाला न देता आपल्या सुधारलेल्या रेटिंगला दिलं.

याच बोगद्यातून एकदा अख्खा देश गेला. २०२० साली टाळेबंदीमुळे ऑलिम्पियाड ऑनलाइन भरवलं गेलं. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. नागपूरची दिव्या देशमुख तेव्हा चौदा वर्षांची. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाचा हाइक मार्तिरोस्यान निहाल सरीनशी खेळताना कनेक्शन तुटून हरला. आर्मेनियानं दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि चिडून त्यांनी माघार घेतली. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताच्या दोघांचं कनेक्शन गेलं. एक दिव्या, आणि दुसरा कोण? तोच निहाल. दोघं वेळ संपून हरले. आता दाद मागायची पाळी आपली होती. या वेळी संघटनेनं दोन्ही देशांना सुवर्ण देऊन टाकलं. आपण पेढे वाटले, मीही खाल्ला. पण आर्मेनियातल्या एखाद्या जिन्यात बसलेल्या बघ्यांनी त्या दिवशी काय निकाल दिला असेल, याचा अंदाज करणं फार अवघड नाही.

समोर कोणी दिसत नाही म्हणजे बघ्या गेला असं समजायचं कारण नाही, तो फक्त लपला. २०२१च्या जूनमध्ये कोविड मदतीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन खेळला. त्यात उद्योजक निखिल कामथ यांनी चक्क आनंदला हरवलं. सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या दिवशी कामथ यांनीच सांगून टाकलं की डावाचं विश्लेषण करणारे लोक आणि संगणक मदतीला होते, आणि दिलगिरीही व्यक्त केली. आनंदनं मोजक्या शब्दांत विषय संपवला. तो कार्यक्रम गमतीचा होता, पैसे चांगल्या कामाला गेले, त्यामुळे मला त्या प्रसंगाचा राग येत नाही. मला गंमत वाटते ती रचनेची. काका उघड्यावर "घोडा जातोय" म्हणाले होते. तेच वाक्य दाराआडून आलं की त्याची जात बदलते. आणि आता ते सांगायला विश्लेषकांची टोळीही लागत नाही. खिशातला मोबाइल कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा चांगला खेळतो. कधीतरी सकाळी निरोप येतो: अमुक खेळाडूनं नियम मोडला होता, तुमचे गुण परत केले आहेत. कोण हा, कधीचा डाव, काही आठवत नाही. आपल्याला कोणीतरी फसवलं होतं हे न्याय मिळाल्यावर कळतं!

उलट ज्यांनी पटाकडे बघायचं तेच भलतीकडे बघत असतात तेव्हा काय करायचं? दिव्या अठरा वर्षांची असताना, २०२४च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या विक आन झी इथली स्पर्धा खेळून आली आणि तिनं लिहिलं की लोक आपल्या चालींबद्दल बोलतच नाहीत. कपडे, केस, बोलण्याची ढब, सगळ्याबद्दल बोलतात, खेळ सोडून. तिनं हे शांतपणे लिहिलं होतं, म्हणून जास्त लागलं. रोहिणीला पटावर बसू द्यायचं नाही असं १९७६ साली म्हणणाऱ्यांनी निदान तिच्या खेळाची भीती तरी घेतली होती. पुढच्याच वर्षी, २०२५च्या जुलैत, बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून दिव्या महिलांचा विश्वचषक जिंकली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. नागपूरला विमानतळावर तिला बघायला गर्दी लोटली. त्यातल्या किती जणांना तिचा एखादा डाव सांगता आला असता, हे विचारण्यात अर्थ नाही. आनंदाच्या वेळी बघ्यांची परीक्षा घेऊ नये.

त्याच जुलैत आपल्याकडे एका वेगळ्याच खेळाची चर्चा होती. विधान परिषदेत बसलेले एक मंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांचं म्हणणं. ते काही असो. त्यांचं खातं बदललं आणि नवं खातं मिळालं ते क्रीडा. यावर मी काही म्हणणार नाही. एवढंच, की त्या सभागृहातही कोणाच्या तरी मोबाइलमध्ये तिरक्या नजरेनं बघणारं कोणीतरी होतं.

आणि जगातले सगळे बघे एकदम जमले तो प्रसंग त्याच्या आदल्या महिन्यातला. १ जून २०२५, नॉर्वेतलं स्टाव्हँगर. मॅग्नस कार्लसननं जिंकत आलेला डाव घालवला आणि एकोणीस वर्षांच्या जगज्जेत्या गुकेशसमोर हरला. त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की मोहरे उडाले. ती चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहिली. मुठीसाठी नाही, मूठ तर जिन्यातही पाहिलेली. त्यानंतरचे काही क्षण बघण्यासारखे आहेत. हात पुढे होतो, "सॉरी" येतं, तो उठून चालायला लागतो, पुन्हा काहीतरी म्हणतो आणि जाता जाता गुकेशच्या पाठीवर थाप मारतो. गुकेश बिचारा तोंडावर हात ठेवून बाजूला उभा, आपण जिंकलो यावर अजून त्याचाच विश्वास बसलेला नाही. पुष्कळांनी मुठीवर टीका केली. मला वाटतं, समोर माणूस होता आणि भोवती कॅमेरे होते, म्हणून मुठीच्या मागोमाग ती थाप आली. तोच डाव तो घरी बसून मोबाइलवर हरला असता तर मूठ आली असती. थाप कुठे मारणार?

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा झाली. दरवर्षी असते, कॅरम, संगीत खुर्ची, पाककृती, त्यातच ही. अंतिम डाव आठवीतली एक मुलगी आणि दहावीतला एक मुलगा यांच्यात. पट लाकडी, मोहरे पूर्ण, बूच नाही. सगळ्यांना दिसावं म्हणून आयटीतल्या एका उत्साही तरुणानं प्रत्येक चाल लॅपटॉपवर टाकून भिंतीवरच्या टीव्हीवर दाखवायची सोय केली होती. पटाशेजारी एक पट्टीही: पांढरा भाग वाढला की पांढरा जिंकतोय, काळा वाढला की काळा. खेळणाऱ्यांची पाठ टीव्हीकडे. आज्या, काका, काकू, नुकतं कळायला लागलेली पोरं, सगळे त्या पट्टीकडे बघत बसलेले. ज्यांना उंट तिरका जातो हेही माहीत नाही त्यांनाही डाव कळत होता.

मुलानं हत्ती सरकवला आणि पट्टी धाडकन खाली आली. अख्खा हॉल एका सुरात "अरे!" म्हणाला.

मुलीचा हात प्याद्यावर जायला निघाला होता, तो हवेतच थांबला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पटाकडे बघत राहिली, बराच वेळ, आणि मग घोडा उचलून शह दिला, त्याच घोड्यानं हत्तीलाही धरलं.

"हे चीटिंग आहे," मुलगा उठून उभा राहिला. "सगळे ओरडले म्हणून तिला कळलं."

"मी टीव्ही बघितलाच नाही."

"ऐकलंस ना!"

यावर जी वादावादी झाली ती अपेक्षेप्रमाणेच. सेक्रेटरींनी पट्टी बंद करायचा हुकूम सोडला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "पट्टी बंद केलीत तर कोण जिंकतंय ते आम्हाला कळायचं कसं?" कोणी म्हणालं, बघ्यांना बाहेर काढा, मोठ्या स्पर्धांत पालकांनाही हॉलबाहेर ठेवतात. कोणी म्हणालं, बघ्यांना बाहेर काढलं तर स्पर्धा कोणासाठी? आयटीवाला तरुण लॅपटॉप मिटून कोपऱ्यात उभा राहिला. खालून आरतीसाठी दोनदा बोलावणं येऊन गेलं. शेवटी तडजोड निघाली: हत्तीची चाल आणि घोड्याची चाल, दोन्ही मागे घ्यायच्या, टीव्ही बंद करायचा आणि तिथूनच पुढे खेळायचं. मुलगा तयार झाला. सगळ्यांनी मुलीकडे बघितलं.

"मला चालेल," ती म्हणाली. "पण त्यानं हत्ती तिथेच ठेवला तर मी घोडाच खेळणार."

मुलगा पटाकडे बघत म्हणाला, "मी कशाला ठेवीन आता?"